उदंड आयुष्याचा उमेदवार

मला शंभर वर्षं जगायचं आहे, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. कारण समोरचा लगेच विचारतो, "कशासाठी?" आणि या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी आजतागायत नाही. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी भाषणात "यांना उदंड आयुष्य लाभो" असं म्हटलं, शाल-नारळ हातात दिला आणि ते पुढच्या मीटिंगला निघून गेले. बाकी कुणी ते मनावर घेतलं नसेल, मी घेतलं. साठीपर्यंत जे आयुष्य काही न करता आपोआप चाललं होतं, ते यापुढे आपल्यालाच ढकलत न्यायचं आहे अशी माझी समजूत झाली आणि मी कामाला लागलो.

कामाला लागलो म्हणजे मोबाइल उघडला.

तुम्हालाही हे सगळं येतच असेल. पहाटे तांब्याच्या भांड्यातलं पाणी, त्यावर भिजवलेले मेथीदाणे, त्यावर कोमट पाण्यात लिंबू-मध, मग जिऱ्याचं पाणी, मग जवसाची पूड, मग चिया नावाचं ते सब्जाचं परदेशी भावंड. एवढं पोटात गेल्यावर नाश्त्याला जागाच उरत नाही, आणि माझ्या मते या सगळ्याचा खरा फायदा तेवढाच असावा. एका पहाटे मी चष्मा न लावता ओट्यापाशी गेलो, वाटीतले दाणे मूठभर तोंडात टाकले, चावले, आणि कडू लागले नाहीत म्हणून "शरीराला मेथीची सवय झाली बरं का" अशा समाधानात दुपारपर्यंत वावरलो. दुपारी हिने विचारलं, "अहो, उसळीची मटकी कमी कशी झाली?"

जेवणाचं त्याहून अवघड. एक पंथ सांगतो, दिवसातून दोनदाच जेवा, मधे काहीही तोंडात टाकू नका. दुसरा सांगतो, दर दोन तासांनी थोडं थोडं खात राहा. माझा मेहुणा पहिल्या पंथाचा, त्याची बायको दुसऱ्या पंथाची, आणि दोघंही मला भेटले की आपापली पुस्तकं पुढे करतात. कुणाचंच मन मोडायचा माझा स्वभाव नाही. मी दोनदा पोटभर जेवू लागलो आणि मधल्या वेळात दर दोन तासांनी खाऊ लागलो.

वजन वाढलं.

मग पावलं आली. मुलीने मनगटावर बांधायचं ते पावलं मोजणारं घड्याळ दिलं. दहा हजार झाली की ते थरथरतं आणि त्याच्या काचेवर फटाके उडतात. रात्री जेवूनखाऊन आडवं व्हावं तर कळायचं की अजून हजारभर बाकी आहेत. मग मी डायनिंग टेबलाभोवती प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न आला, "रात्री साडेअकराला वर कोण चालतं?" त्यावर एकांनी बिल्डिंगच्या जागी पूर्वी विहीर होती अशी माहिती पुरवली, दुसऱ्यांनी एक नारळ फोडून टाकावा असं सुचवलं, आणि वर्गणीचाही विषय निघाला. मी सगळं वाचलं, नारळाला अंगठा दाखवून पाठिंबा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून अनवाणी चालू लागलो. पुढे असा शोध लागला की नुसता हात हलवला तरी घड्याळाला ते पाऊलच वाटतं. त्या दिवसापासून घरातलं ताक घुसळायचं काम मी आनंदाने अंगावर घेतलं. लोण्याबरोबर चांगली दीड-दोन हजार पावलं निघायची.

हा दहा हजारांचा आकडा कुठल्या थोर डॉक्टरने काढला असेल, असा आदर माझ्या मनात होता. तो मुलीनेच घालवला. १९६४ साली टोकियोत ऑलिम्पिक झालं, जपानात व्यायामाची हवा आली, आणि १९६५ साली तिथल्या एका कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. 'मानपो-केई' असं त्याचं नाव, आणि दहा हजार पावलं त्या नावातच होती. गोल आकडा, तोंडात बसणारा. संशोधन मागाहून आलं. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये सोळा हजारांहून जास्त अमेरिकन बायकांची पावलं तपासली. त्यांचं सरासरी वय ७२. रोज जेमतेम २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्या बऱ्याच कमी दगावल्या होत्या, आणि साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबला होता.

म्हणजे ताक मी उगाच घुसळलं.

पाण्याचीही अशीच गत. रोज आठ ग्लास पाणी प्यायचंच, हे तर आता लहान मुलंही सांगतात. त्याचं मूळ बहुतेकदा १९४५ सालच्या एका अमेरिकी शिफारशीत दाखवलं जातं: माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं. त्याच्या लगेच पुढे असं लिहिलं होतं की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. ते पुढचं वाक्य वाचायला कुणी थांबलंच नाही. हाइन्झ व्हाल्टिन नावाच्या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने २००२ मध्ये सगळी जुनी कागदपत्रं उपसून पाहिली. धडधाकट माणसाने आठ ग्लास प्यायलेच पाहिजेत याला त्यांना पुरावा सापडला नाही. आमटी, ताक, कलिंगड, एवढंच काय, चहासुद्धा हिशेबात धरायचा असतो. मला हे कळलं ते नाशिकची एसटी पकडून झाल्यावर. प्रवासात पाणी पिणं होत नाही म्हणून दिवसभराचा कोटा मी शिवाजीनगरलाच संपवला होता. आळेफाटा मागे पडेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. पुढे मला खिडकी दिसेनाशी झाली. कंडक्टर म्हणाले, "काका, आता एकदम संगमनेर." चंदनापुरी घाटाचं प्रत्येक वळण मी डोळे मिटून, मनात मारुतिस्तोत्र म्हणत काढलं, आणि शेवटी माझा चेहरा बघून त्या देवमाणसाने घंटीची दोरी ओढली. अख्खी बस खिडकीशी जमली होती. त्यातलं एक कुटुंब आमच्या लांबच्या नात्यातलं निघालं.

कंडक्टर या जमातीबद्दल मला तेव्हापासून नितांत आदर आहे. तो विज्ञानालाही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर हृदयविकार का वाढतोय याचा शोध घेत होते. लंडनच्या त्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. बस एकच, रस्ता एकच, हवा एकच. १९५३ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये छापलं की कंडक्टरांना हृदयविकाराचे झटके कमी येतात, आणि आले तरी ते ड्रायव्हरांइतके जिवावर बेतत नाहीत. हालचाल आणि हृदय यांचा संबंध दाखवणारा हा पहिला भक्कम अभ्यास म्हणतात. आपल्याकडे एवढं सापडलं असतं तर त्या डॉक्टरांनी 'कंडक्टर चूर्ण' काढलं असतं. मॉरिस यांनी काय केलं? बस कंपनीच्या गणवेशांची मापं मागवली. १९५६ मध्ये त्यांनी आणखी एक निबंध लिहिला: ड्रायव्हर लोकांच्या पँटीचा कंबरेचा घेर कंडक्टरांपेक्षा मोठा होता, आणि तोही नोकरीला लागले तेव्हापासूनच. म्हणजे सगळा दोष बैठ्या कामाचा नव्हता. मुळात भरती झालेली माणसंच जराशी वेगळी होती. आपलाच गाजलेला निष्कर्ष खरा की खोटा, हे बघायला पँटी मोजत बसणारा हा माणूस माझं दैवत झाला आहे. व्यायामाची बाजू त्यांनी पुढे आणखी अभ्यास करून पक्की केली. स्वतः ९९ वर्षं जगले.

तेव्हापासून कुणी काही सांगितलं की मी मनात विचारतो, "पँटी मोजल्या का?" मेहुणा परवा सांगत होता की रोज थोडी घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, तसं संशोधन आहे. आहे, खरंच आहे. पण न घेणाऱ्यांत कोण कोण मोजले होते? आजारपणामुळे डॉक्टरने बाटली काढून घेतलेलेही त्यातच. त्यांना वेगळं काढलं की पेल्याचा बराचसा चमत्कार उतरतो. मेहुण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "भावजी, तुम्ही ताक घुसळा."

एवढं शहाणपण येऊनही मी दुधीच्या रसात पडलो, हे मात्र सांगायला हवं.

आमच्या बागेच्या फाटकाशी सकाळी रसाच्या गाड्या लागतात: कारलं, आवळा, गव्हांकुर, दुधी. तिथे ग्लासाला मोजायचे ते पैसे मला जड वाटले, म्हणून मंडईतून चांगला कोवळा, लांबसडक दुधी आणून मी घरच्या मिक्सरला लावला. त्या मिक्सरचं झाकण एका हाताने दाबून धरावं लागतं, ही गोष्ट हिच्या आणि मिक्सरच्या आपसातली होती. मला कुणी बोललं नव्हतं. दुधीचा पहिला हप्ता छताला गेला. उरलेला गाळला, चव घेतली, आणि अंगावर सर्रकन काटा आला, इतका कडूजहर. हिने नुसता वास घेऊन सांगितलं, "टाकून द्या." पण लहानपणापासून काढे पीत वाढलेला माणूस मी, जेवढं कडू तेवढं गुणकारी, हे माझ्या रक्तात. नाक धरून माझा ग्लास संपवला. वाया जायला नको म्हणून हिचाही संपवला.

पुढचा अर्धा-पाऊण तास कसा गेला ते जेवायच्या वेळी वाचणारे कुणी असतील म्हणून सांगत नाही. शेवटी सलाइन लागलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "काका, रस कडू लागला होता का?"

"हो."

"मग?"

"म्हणूनच तर सगळा प्यायलो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. दुधी, काकडी, भोपळा या घराण्यात कुकुरबिटासिन नावाचं एक द्रव्य असतं. एरवी ते नगण्य असतं, पण एखाद्या फळात ते वाढतं आणि ते फळ कडू होतं. कडूपणा हीच त्याची धोक्याची घंटा. उलट्या, जुलाब, रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणं, इथपर्यंत मजल जाते. देशात यापायी माणसं दगावली आहेत, आणि त्यानंतर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमून सांगितलं आहे की रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या. हिने समितीशिवायच सांगितलं होतं, हे हिने त्या डॉक्टरबाईंना सांगितलं. मग नर्सला सांगितलं. मग शेजारच्या कॉटवरच्या पेशंटच्या सुनेला.

मी घरी आल्यावर बघायला आत्या आली. आत्याचं वय नक्की कुणालाच ठाऊक नाही. नव्वदीच्या पुढे आहे एवढं खरं. कागदावर तिची जन्मतारीख १ जून आहे. आमच्या पिढीपर्यंत निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मला, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख टाकायचे. ही नुसती गंमत नाही. सॉल न्यूमन नावाच्या संशोधकाला २०२४ मध्ये लोकसंख्याशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे नोबेलचं थट्टेखोर भावंड, मिळालं ते याच कामासाठी. शंभरी ओलांडलेल्यांची गर्दी अनेकदा जिथे जन्मनोंदी धड नाहीत तिथेच दिसते, आणि अमेरिकेत ज्या ज्या राज्यात जन्मदाखले आले तिथे एकशेदहाच्या पुढचे म्हातारे-म्हाताऱ्या भराभर कमी झाल्या. जपानने २०१० मध्ये झाडाझडती घेतली तेव्हा कागदोपत्री शंभरी गाठलेल्या दोन लाख तीस हजारांहून जास्त लोकांचा ठावठिकाणाच लागला नाही. ओकिनावा, सार्डिनिया वगैरे दीर्घायुषी माणसांचे 'ब्लू झोन' ठरवणाऱ्यांना हे मान्य नाही. आम्ही वयं नीट पडताळली आहेत असं ते म्हणतात. वाद चालू आहे. पण मी ओकिनावाची जांभळी रताळी शोधत पुण्याची मंडई पालथी घातली होती, ते आता थांबवलं आहे.

तर आत्या. हातात चहा, त्यात साखर चमचा उभा राहील एवढी, आणि बशीत खारी. मी गादीवरूनच विचारलं, "आत्या, तू एवढी वर्षं कशी गं जगलीस?"

आत्याने खारी बुडवली, तुटायच्या आत तोंडात टाकली आणि म्हणाली, "मेले नाही म्हणून."

मी किती पुस्तकं वाचली, पण मुद्दा असा कुणी सांगितला नव्हता. आपण जगलेल्यांनाच गाठून विचारतो, तुम्ही काय खाल्लं. तेच खाऊन, तसंच चालून जे पन्नाशीत गेले त्यांना कोण विचारणार? पुण्यात दीर्घायुष्याचा विषय निघाला की कुणीतरी महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं नाव काढतोच. १८५८ चा जन्म, १९६२ मध्ये १०४ व्या वर्षी गेले, शंभरीत भारतरत्न. चालण्याचं म्हणाल तर पोरवयात परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि तिथे, वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. पण त्यांच्या काळात तसेच मैलोन्‌मैल चालणारे, तोच वरणभात खाणारे किती जण प्लेगात आणि पटकीत गेले. त्यांच्या दिनचर्येवर लेख येत नाहीत. उलट बाजूला फ्रान्समधल्या आर्ल गावच्या जान काल्माँ. १८७५ ते १९९७, म्हणजे १२२ वर्षं, पक्क्या नोंदी असलेल्यांत सगळ्यांत जास्त. या बाई शंभरी उलटून गेल्यावरही सिगारेट ओढत होत्या आणि चॉकलेट म्हणे आठवड्याला किलोभर. त्यांच्या नव्वदाव्या वर्षी, १९६५ मध्ये, एका ४७ वर्षांच्या वकिलाने त्यांच्याशी करार केला: दरमहा अडीच हजार फ्रँक मी देतो, तुमच्यामागे फ्लॅट माझा. तीस वर्षं हप्ते भरून वकीलसाहेबच ७७ व्या वर्षी, १९९५ मध्ये, गेले. तोवर फ्लॅटच्या किमतीच्या दुपटीहून जास्त रक्कम गेली होती, आणि उरलेले हप्ते त्यांच्या घरच्यांनी भरले. मी उभी हयात कर्जखात्यात काढली आहे. ही केस वाचून मला दोन रात्री झोप आली नाही.

मधे एक परीक्षाही देऊन झाली. ब्राझीलच्या काही डॉक्टरांनी २०१२ मध्ये छापली होती: जमिनीवर मांडी घालून बसा आणि उठा. गुण दहापैकी; हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक टेक्याला एक गुण कमी. दोन हजार लोकांत सगळ्यांत कमी गुणवाले पुढच्या काही वर्षांत सगळ्यांत जास्त दगावले. आपण पाटावर जेवलेली माणसं, यात ब्राझील काय शिकवणार, म्हणून मी सर्वांदेखत हॉलमध्ये बसलो. बसताना पूर्ण गुण पडले, कारण बसलो नाही, पडलो. उठताना उजवा हात, मग डावा हात, मग गुडघा, मग सोफ्याचा पाय, मग टीपॉय. टीपॉय माझ्याबरोबर आला. मुलगी म्हणाली, "बाबा, गुण उणे धरायची सोय आहे का बघू." हीही पँटींचीच गोष्ट, हे मागून सुचलं: ज्याचे गुडघे, तोल, ताकद आधीच गेलेली, तोच नापास होणार. परीक्षा अवस्था सांगते. घोकंपट्टी करून दहा मिळवले म्हणून यमाच्या वहीत खाडाखोड होईलच असं नाही. पायात बळ ठेवणं मात्र चांगलंच.

मग उरलं काय? अगदीच कंटाळवाणं. रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षं नजर ठेवली. सिगारेट न सोडणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात, आणि तिशीत सोडली तर ती जवळजवळ सगळी परत मिळतात. साठीत सोडली तरी तीनेक वर्षं पदरात पडतात. दहा वर्षं! माझ्या ओट्यावरच्या सगळ्या वाट्या-बाटल्या मिळून दहा दिवसांची खात्री देत नाहीत. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते; आमच्याकडे तेवढं पापड-लोणच्यातच संपतं. चालणं, झोप, साखरेवर नजर. आणि माणसं: २०१० मध्ये १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तर ज्यांचे लागेबांधे घट्ट त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात तगून राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त. आजारी माणूस आपोआप एकटा पडतो, तेव्हा याही पँटी मोजायला हव्यात. पण तोवर कट्ट्यावर जायला काय हरकत आहे? मी हे हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "तुमच्याबरोबर राहून मलाही आयुष्य वाढवून मिळतं का, तेवढं बघा."

यातलं काहीच बाटलीत मिळत नाही, म्हणून कुणी पाठवत नाही. रक्तदाबाचं तर बघायलाच नको. तो वाढलेला असताना बहुतेकांना काही म्हणजे काही जाणवत नाही. हृदय, मेंदू, मूत्रपिंडं गुपचूप झिजत राहतात. तो मोजायचं यंत्र आमच्याकडे कपाटावर खोक्यातच होतं, कारण मी तब्येतीच्या कामात गुंतलो होतो.

तेव्हा तुमच्या घरी असेल तर आज काढा, नसेल तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जा. आधी अर्धा तास चहा नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर सोडून पाच मिनिटं स्वस्थ बसा. दंड उघडा आणि छातीच्या पातळीत. आणि पट्टा फुगत असताना बायकोशी बोलू नका. बोलण्याने आकडा खरोखरच वाढतो.